हॉपरच्या तोंडाशी माल का अडकतो, आणि तोंड किती मोठं ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा. हॉपरमध्ये, म्हणजे वरून माल भरून खालच्या तोंडातून सोडायच्या निमुळत्या भांड्यात, १४ मिलिमीटर व्यासाच्या कोरड्या, टणक गोळ्या भरतात. खालचं गोल तोंड आधी ५० मिलिमीटरचं होतं आणि माल सारखा अडकायचा. ते वाढवून ६० केलं. प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला, अडकणं पुष्कळ कमी झालं, पण संपलं नाही. कधी अर्धा तास सुरळीत चालतं, तर कधी मिनिटभरात बंद. माल तोच, तोंड तेच, भरणारी माणसंही तीच. मग हा लहरीपणा कुठून आला? आता व्हायब्रेटर लावावा, की वर आणखी माल चढवून दाब वाढवावा?

दाबाचं आधी सांगतो, कारण त्या वाटेने गेलात तर खर्च होईल आणि हाती काही लागणार नाही. पाण्याच्या टाकीत पातळी चढली की तळाचा जोर वाढतो, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दाणेदार मालालाही आपण तोच हिशेब लावतो. पण हा माल भिंतीला घासत उभा असतो. प्रत्येक थर आपल्या वजनाचा काही भाग घर्षणातून भिंतीवर टाकतो आणि उरलेलाच भाग खालच्या थराकडे जातो. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली लहान नमुना-सायलोंमध्ये, म्हणजे उभ्या कोठ्यांमध्ये, धान्य भरून तळावर येणारा भार मोजला. माल भांड्याच्या रुंदीच्या दोन-तीन पट चढला की पुढचं वजन जवळजवळ सगळं भिंतीच उचलतात आणि तळाचा दाब स्थिरावतो. म्हणजे तुम्ही वर ओताल त्यातलं फारच थोडं तोंडापर्यंत पोचेल. आणि जे पोचेल ते अडथळा मोडणार नाही, उलट घट्ट करील. असं का, ते समजलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप लागत जातात.

माल थांबला की पहिला संशय असतो तो काहीतरी अडकल्याचा. एखादा मोठा तुकडा, पोत्याचा सुतळीचा तुकडा, वेल्डिंगचा गोळा. असं होतं कधीकधी, आणि ते तपासायलाच हवं. पण तुमच्यासारख्या एकसारख्या गोळ्यांच्या मालात बहुतेक वेळा आत परकं काहीच नसतं. गोळ्याच एकमेकींना टेकून तोंडावर कमान धरतात. दगडी कमानीत दगडांमध्ये चुना नसला तरी ती उभी राहते, कारण वरचं ओझं प्रत्येक दगडाला शेजारच्या दगडावर दाबतं आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या पायांवर उतरतं. ओझं वाढलं तर दगड आणखी घट्ट बसतात. हॉपरमध्ये हे काम कुणी गवंडी करत नाही, योगायोग करतो. पाच-सहा गोळ्या एकाच क्षणी नेमक्या जागी आल्या, एकमेकींना टेकल्या, आणि टोकाच्या गोळ्यांना तोंडाच्या कडेचा आधार मिळाला की झालं. गोल तोंडावर हीच गोष्ट घुमटासारखी होते.

नवीन माणसाला हे समजावताना मी शब्दांवर भिस्त ठेवत नाही. दोन उभ्या काचांमध्ये चकत्यांचा एकच थर मावेल असा पसरट हॉपर आमच्याकडे आहे, त्याच्यापुढे त्याला बसवतो. चकत्या खळखळ पडत असतात आणि अचानक आवाज बंद होतो. वाकून बघितलं तर तोंडावर पाच चकत्यांची वाकडी ओळ दिसते आणि तिच्या खाली मोकळी हवा. वर शेकडो चकत्या आहेत, पण तोंड धरून ठेवलंय ते या पाचांनी. नीट पाहिलं तर ही ओळ काही सुबक नसते. एखादी चकती दोन शेजारणींना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित खाली लोंबत असते, केवळ घर्षणाच्या जोरावर. काचेवर पेन्सिलीने टकटक करा, बहुतेकदा हीच आधी सुटते आणि सगळा डोलारा कोसळतो. कंपनाखाली कमानी अशा लोंबत्या दाण्यापाशीच तुटतात, हे पुढे स्पेनमधल्या पांप्लोनाच्या संशोधकांनी पद्धतशीर मोजून दाखवलं. भार कुठून कुठे जातो हे बघायचं असेल तर चकत्या विशिष्ट पारदर्शक प्लास्टिकच्या घेऊन ध्रुवित प्रकाशात ठेवतात. दाबाखालच्या चकत्या उजळतात आणि ढिगातून विजेसारख्या फांद्या फुटलेल्या दिसतात. ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट बेहरिंजर यांनी अशा चकत्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. ती चित्रं एकदा पाहिली की माल म्हणजे सगळीकडे सारखा दाबलेला पदार्थ ही कल्पना डोक्यातून कायमची जाते. थोडे दाणे सगळं ओझं वाहतात आणि त्यांच्या शेजारचे पुष्कळ दाणे जवळजवळ मोकळे असतात.

आता लहरीपणाकडे येतो. मला वाटतं तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. माल वाहत असताना तोंडाशी क्षणोक्षणी नव्या रचना होत असतात आणि मोडत असतात. त्यांतली एखादीच कमान धरण्याजोगी असते. ती कधी येईल ते ठरलेलं नसतं, आणि आधी किती वेळ माल सुरळीत चालला याच्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. फासा टाकताना दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्यांदा तो पडण्याची शक्यता वाढत नाही, तसंच हे. दोन अडकण्यांच्या मध्ये किती दाणे बाहेर पडले हे शेकडो वेळा मोजलं तर आकडे घातांकी वितरणात बसतात, म्हणजे छोट्या खेपा पुष्कळ आणि लांब खेपा झपाट्याने विरळ होत जाणाऱ्या.

याचा व्यवहारात अर्थ काय? समजा सरासरी १०,००० गोळ्यांमागे एकदा माल थांबतो. मग १०० खेपांपैकी सुमारे ३७ खेपा १०,०००च्या पुढे जातील. सुमारे ५ खेपा ३०,०००च्याही पलीकडे जातील. आणि सुमारे १० खेपा पहिल्या १,००० गोळ्यांतच आटपतील. काहीही न बदलता. तुमचा अर्धा तास आणि तुमचं एक मिनिट एकाच सरासरीची दोन अपत्यं आहेत. त्या मिनिटासाठी वेगळं कारण शोधायची गरज नाही, आणि त्या अर्ध्या तासावर विसंबूनही चालणार नाही. दोन तास चाचणी घेऊन ‘चालतंय’ म्हणून सही केलेले हॉपर आठवड्याभरात अडकू लागतात, आणि मग ठपका पाळीवरच्या कामगारावर येतो. त्याने काहीच वेगळं केलेलं नसतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की प्रत्येक वेळी पुन्हा सांगावंसं वाटतं.

५० वरून ६० केल्यावर एवढा फरक पडला आणि तरी काम झालं नाही, याचं उत्तरही शक्यतेच्या हिशेबातच आहे. कमान धरायला तोंडाजवळच्या सगळ्याच गोळ्या एका वेळी सोयीच्या जागी असाव्या लागतात. तोंडाजवळच्या भागात किती गोळ्या मावतात हे तोंडाचा व्यास भागिले गोळीचा व्यास, या गुणोत्तराच्या घनावर ठरतं. तुमच्या आकड्यांत ५० मिमीला तो घन सुमारे ४६ येतो, ६० मिमीला ७९. शंभराचं तोंड केलं तर ३६४. नाणं ४६ वेळा उडवून प्रत्येक वेळी छाप पडणं आणि ३६४ वेळा उडवून प्रत्येक वेळी छाप पडणं यांत किती अंतर आहे, विचार करा. आकडे शब्दशः घेऊ नका, पण वाढ याच चालीने होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चार्ल्स थॉमस आणि डग्लस ड्युरियन यांनी २०१५ साली जवळपास अशीच मांडणी केली.

यावर एक जुना वाद आहे, तोही सांगतो, कारण पुस्तकांत तुम्हाला दोन्ही बाजू भेटतील. २००१ साली कीविंग तो, पिक-यिन लाय आणि पाक यांनी एका थरातल्या चकत्यांवर प्रयोग केले. तोंड चकतीच्या सुमारे दुप्पट असताना अडकणं जवळजवळ नक्की, आणि सुमारे पाच पट झालं की जवळजवळ अशक्य, असं त्यांना दिसलं. पांप्लोनाच्याच नवारा विद्यापीठात इकेर सुरिगेल यांच्या गटाने २००५ मध्ये खऱ्या, तिन्ही मितींतल्या सायलोसाठी आकडा काढला. काचेच्या गोळ्यांसाठी ४.९४ पट, तांदळासाठी पाचाच्या किंचित वर, मसुरीसाठी सहाच्या थोडं वर. दाणा कशाचा आहे याने फारसा फरक पडला नाही, तो गोल, लांबट की चपटा याने मात्र पडला. यावरून एक ठरावीक मर्यादा आहे आणि तिच्या पलीकडे अडकणं शून्य, असं चित्र उभं राहिलं. थॉमस आणि ड्युरियन यांचं म्हणणं असं, की अशी तीक्ष्ण रेषा नाहीच. शक्यता फक्त इतक्या झपाट्याने घसरते की कुणाच्याही हयातीत पुढचं अडकणं बघायला मिळत नाही. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण हॉपर बनवणाऱ्याला दोन्ही वाटा एकाच ठिकाणी नेतात. तुमचं गुणोत्तर ४.३ आहे, म्हणजे तुम्ही नेमके त्या पट्ट्यात आहात जिथे माल बहुतेक वेळ चालतो आणि अधूनमधून दगा देतो. सांभाळायला हाच पट्टा सर्वांत वाईट. तीन पटीवर कुणी हॉपर चालवायला जात नाही, सात पटीवर तक्रार येत नाही.

या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलेला ठोकताळा असा आहे: गोल तोंड मोठ्यात मोठ्या दाण्याच्या ६ ते ८ पट. लांबट फट असेल तर तिची रुंदी ३ ते ४ पट, आणि लांबी रुंदीच्या किमान तिप्पट. इथे ‘मोठ्यात मोठ्या’ हा शब्द महत्त्वाचा. सरासरी दाणा घेऊन हिशेब करणारे फसतात, कारण कमानीला एक-दोन मोठे तुकडे मिळाले तरी पुरतात. फटीला कमी रुंदी का चालते, हेही कमानीवरूनच कळतं. गोल तोंडाला चहूबाजूंनी कडेचा आधार असतो, म्हणून घुमट धरतो. लांब फटीत आधार फक्त दोन बाजूंना, लांबीच्या दिशेने टेकायला काही नाही.

तुमच्या १४ मिमीच्या गोळ्यांना हे लावलं तर गोल तोंड १०० मिमी हवं. किंवा ६० मिमी रुंद आणि १८० ते २०० मिमी लांब फट. दोन्ही चालतील. खालच्या यंत्राला जे जुळेल ते निवडा.

पण तोंड वाढवलं की प्रवाह वाढणार, आणि तो किती वाढेल याचा अंदाज आधी घ्यायला हवा. बेव्हरलू, लेनिगर आणि व्हान दे वेल्दे या संशोधकांनी १९६१ साली निरनिराळ्या बिया गोल तोंडातून सोडून एक सूत्र बसवलं, ते आजही वापरात आहे. तोंडाच्या व्यासातून दाण्याच्या व्यासाची सुमारे १.४ पट वजा करायची, आणि उरलेल्या रुंदीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात माल पडतो असं धरायचं. कडेजवळून दाणा पूर्ण मोकळेपणाने जाऊ शकत नाही, म्हणून ती वजाबाकी. अडीच कुठून आला? तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आणि दाणे जणू तोंडाच्या रुंदीएवढ्याच उंचीवरून मोकळे पडायला सुरुवात करतात, म्हणून त्यांचा वेग व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे. दोन आणि अर्धा मिळून अडीच. या सूत्रात वरच्या मालाची उंची कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. वाळूच्या घड्याळात वरची वाळू कमी होत गेली तरी धार तशीच राहते ती यामुळे. पुष्कळ ठिकाणी याचं कारण यान्सेनचा स्थिर दाब म्हणून दिलं जातं. ते पुरेसं नाही. दाणा किती वेगाने बाहेर पडेल हे तोंडाच्या लगेच वरच्या छोट्याशा प्रदेशात ठरतं, आणि तिथे पडत्या दाण्यांवर वरचं ओझं जवळजवळ नसतंच.

तुमच्या आकड्यांत ५० मधून १९.६ गेले तर ३०.४ उरतात आणि ६० मधून गेले तर ४०.४. त्यांच्या गुणोत्तराचा अडीचावा घात २.०४. म्हणजे तुम्ही पाहिलेली दुप्पट वाढ हिशेबात चपखल बसते, आणि यावरून मला खात्री वाटते की तुमचा माल खरोखर मोकळा वाहणारा आहे. आता १०० केलंत तर ८०.४ उरतात आणि प्रवाह आजच्या साडेपाच पटींहून जास्त होईल. खालच्या यंत्राला एवढा नको असणार. इथे सगळे एकच चूक करतात. तोंड मोठं करतात आणि मग तोंडावरचा सरकता दरवाजा, म्हणजे स्लाइड गेट, अर्धा बंद करून प्रवाह कमी करतात. मालाला ड्रॉइंगवरचं तोंड दिसत नाही, उघडी असलेली जागा दिसते. गेट ४० मिमीवर ठेवलात तर तुमचं तोंड ४० मिमीचं. गेट एक तर पूर्ण उघडा असावा, नाहीतर पूर्ण बंद. प्रवाह ठरवायचा तो फीडरने, म्हणजे तोंडाखालून माल ठरावीक वेगाने ओढून नेणाऱ्या स्क्रूने किंवा पट्ट्याने.

फीडर कोणता, यावर मोठा ग्रंथ होईल, म्हणून एकच गोष्ट सांगतो. त्याने संपूर्ण तोंडातून माल ओढला पाहिजे. फटीखाली सारख्या पिचचा, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर सगळीकडे सारखं असलेला, स्क्रू लावला तर त्याचे पहिले दोन-तीन आटेच भरून जातात आणि पुढच्या आट्यांत जागाच उरत नाही. माल फक्त मागच्या टोकातून खाली येतो, बाकीची फट असून नसल्यासारखी. स्क्रूचा पिच मालाच्या दिशेने वाढत गेला पाहिजे. पट्टा असेल तर हॉपरचं तोंड आणि पट्टा यांच्यातलं अंतर त्याच दिशेने थोडं वाढत गेलं पाहिजे.

व्हायब्रेटर. तुमच्या मालाला तो मदत करील, कारण कोरड्या गोळ्यांची कमान कंपनाने मोडते. तोंड वाढवणं शक्यच नसेल तर लावा. पण तो गेट उघडा असतानाच चालला पाहिजे, त्यासाठी गेटच्या स्विचशी इंटरलॉक करून घ्या, म्हणजे गेट बंद झाला की तोही आपोआप बंद होईल. गेट बंद असताना चालू राहिला तर तो मालाला हलवून हलवून दाबतो, आणि बारीक किंवा चिकट माल असेल तर तोंडाशी विटेसारखा घट्ट थर तयार होतो. अडकल्यावर चालू करण्यापेक्षा प्रवाह सुरू असतानाच थोडा थोडा वेळ चालवणं चांगलं.

आणखी एक उपाय आहे, तो ऐकून पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. सुरिगेल यांच्याच गटाने २०११ साली तोंडाच्या वर, थोड्या अंतरावर, एक गोल अडथळा बसवला आणि अडकण्याची शक्यता १०० पटींपर्यंत घटली. प्रवाह जवळजवळ तेवढाच राहिला. वरून येणारा दाब तो अडथळा स्वतःवर घेतो, त्यामुळे तोंडाशी दाण्यांना एकमेकांत घट्ट रुतायला तेवढा जोर मिळत नाही. मात्र त्याची जागा फार नेमकी लागते. जवळ बसवला तर तो आणि कड यांच्यामध्येच कमान धरते, लांब बसवला तर उपयोग शून्य. काचेच्या नमुन्यात आधी जागा शोधल्याशिवाय खऱ्या हॉपरमध्ये वेल्डिंग करू नका.

आतापर्यंतचं सगळं दोन दाणे एकमेकांना चिकटत नाहीत हे धरून होतं. पावडर आणि दमट मालाचं जग वेगळं आहे. दाणा दहापट लहान केला तर त्याचं वजन हजारपट घटतं, पण शेजाऱ्याला चिकटण्याचा जोर फक्त दहापट घटतो. म्हणजे वजनाच्या मानाने चिकटपणा शंभरपट वाढला. साधारण ०.१ मिलिमीटरच्या खाली गेलं की चिकटपणाची सरशी होते. ओलावा असेल तर जाड दाण्यांच्या मध्येही पाण्याचे बारीक पूल बनतात आणि ते दाण्यांना बांधून ठेवतात. अशा मालात तोंड दाण्याच्या हजारपट असलं तरी कमान धरते, कारण इथे कमान दाण्यांची नसते, दाबून घट्ट झालेल्या आख्ख्या थराची असते. दाण्याच्या पटीचा ठोकताळा इथे लावू नका.

या मालाचा हिशेब अँड्र्यू जेनिके यांनी युटा विद्यापीठात बसवला आणि १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना सुंदर आहे. निमुळत्या हॉपरमध्ये माल तोंडाकडे उतरतो तसतसा त्याच्यावरचा दाब कमी होत जातो. कमी दाबलेला माल कमी घट्ट, म्हणून त्याची ताकदही घटते, पण तेवढ्या वेगाने नाही. काही ताकद चिकटपणातून येते आणि ती दाब गेला तरी उरते. उलट कमानीत तिच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण तिथल्या रुंदीच्या प्रमाणात असतो. वर, रुंद भागात, हा ताण मालाच्या ताकदीपेक्षा मोठा, म्हणून माल मोडून खाली येतो. खाली, अरुंद भागात, ताकद मोठी, म्हणून कमान टिकते. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती रुंदी तुमच्या तोंडाची किमान मर्यादा. मालाची ताकद शिअर सेलमध्ये मोजतात, म्हणजे नमुना दाबून आडवा सरकवणाऱ्या उपकरणात. उदाहरणार्थ, त्या ठिकाणी ताकद १ किलोपास्कल निघाली, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर पाण्याचा दाब, आणि मालाची घनता दर घनमीटरला ८०० किलो असली, तर उभ्या रेषेशी २० अंशांच्या शंकूला गोल तोंड सुमारे ३० सेंटिमीटर लागतं आणि लांब फट सुमारे १४ सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा ताकदीला एवढं मोठं तोंड! आणि माल रात्रभर पडून राहिला तर ताकद वाढते. म्हणून सोमवारी सकाळी अडकणारा आणि मंगळवारपासून नीट चालणारा हॉपर दिसला तर तो चिकट कमानीचा दोष समजायचा.

आपला माल कोणत्या प्रकारचा, हे ओळखायला महागडं काही लागत नाही. मूठभर घेऊन दाबा आणि हात उघडा. सांडून गेला तर दाण्यांची कमान, मुठीचा आकार राहिला तर चिकट कमान. मधोमध उभं भोक पडून माल तेवढाच खाली येत असेल आणि कडेचा माल जागचा हलत नसेल, तर ते बीळ आहे. तो दोष तोंडाचा कमी आणि भिंतींचा जास्त. भिंती पुरेशा उभ्या आणि गुळगुळीत नाहीत, म्हणून कडेचा माल घसरतच नाही. चौकोनी हॉपर असेल तर कोपरे मोजा. दोन्ही भिंती आडव्याशी ६० अंशांच्या असल्या तरी त्या जिथे मिळतात त्या खोबणीचा उतार ५१ अंशच भरतो. माल तिथे धरून बसतो, आणि ड्रॉइंगवर मात्र सगळीकडे ६० लिहिलेलं असतं.

भिंतींचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगतो. एका ठिकाणी मला बोलावलं तेव्हा हॉपरच्या शंकूवर एक वीतही सपाट जागा उरली नव्हती. वर्षभर हातोडे मारून पत्रा खळगेच खळगे झाला होता. रिकामा करून, सगळं बंद करून, खालून टॉर्च मारला. बाहेरच्या प्रत्येक खळग्याचा आतल्या बाजूला उंचवटा झाला होता आणि प्रत्येक उंचवट्याच्या वरच्या अंगाला मालाचा थर बसलेला. अडकतं म्हणून ठोकायचे, ठोकलं म्हणून आणखी अडकायचं. मूळ कारण तोंडाच्या फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टच्या जोडापाशी, सापडलं. जोडात बसवलेलं गॅस्केट आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढं पुढे आलं होतं. कमानीला पाय ठेवायला तेवढी कड पुरते. गॅस्केट बरोबर मापाने कापलं, शंकूला आतून गुळगुळीत स्टेनलेस लाइनर बसवला, आणि हातोडा तिथून कायमचा उचलायला सांगितला. तुमच्या हॉपरचं तोंड तुम्ही नुकतंच कापून वाढवलं आहे, म्हणून आधी कापलेली कड हाताने तपासा. बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, राहिली असेल तर आजच घासून घ्या. जोडाच्या वरच्या भागाचं भोक खालच्या भागाच्या भोकापेक्षा किंचित लहान असलेलं केव्हाही बरं. उलट असेल तर पायरी तयार होते.

अडकलेला माल सोडवण्याबद्दल मला अतिशय गंभीरपणे सांगायचं आहे. वरून आत उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका. कमानीवरचा माल वरून सपाट आणि पक्का दिसतो, पण खाली पोकळी असते. पाय ठेवला की माणूस मालासकट खाली जातो आणि वरचा माल त्याच्यावर येतो. कमरेपर्यंत बुडालेल्या माणसाला दोरीने ओढून काढणं फार कठीण असतं, कारण माल त्याला सगळ्या बाजूंनी घट्ट धरतो. बिळाच्या भिंतीही अशाच अचानक ढासळतात. खालून तोंडात सळई घालतानाही समोर उभं राहू नका. कमान सुटली की सळई परत फेकली जाते. शंकूच्या बाजूला, तोंडाच्या थोडं वर, झाकणाचं छोटं भोक आत्ताच करून ठेवा. बाजूला उभं राहून तिथून सळईने कमानीचा पाय सोडवता येतो, आणि खालचा फीडर वीज तोडून, कुलूप लावूनच हे करायचं.

राहिला प्रश्न बदल केल्यावर खात्री कशी करायची याचा. वही ठेवा आणि प्रत्येक अडकण्याची वेळ लिहा. किमान ३० नोंदी झाल्या की आजची सरासरी कळेल. नव्या तोंडावर एकदाही न अडकता किती वेळ चालवायचं, याला सोपा नियम आहे: हवी असलेल्या सरासरीच्या तिप्पट. आठ तासांत एकदापेक्षा जास्त अडकू नये असं वाटत असेल तर २४ तास अखंड चालवून बघा. खरी सरासरी आठ तासांपेक्षा कमी असती, तर एवढा वेळ न अडकता चालण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी होती. आधी ८ मिमी प्लायवुडचं १०० मिमी तोंड आणि ६० बाय २०० मिमीची फट, असे दोन तुकडे करून बोल्टने लावून बघा. लोखंड नंतर कापा.